अल्प उजेडातील हिरवाई

आषाढ लागला की लोणावळ्यात दिवस उगवतो, पण सूर्य दिसत नाही. घाटमाथ्यावर सुमारे ६२० मीटर उंचीवर वसलेल्या या गावात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात सकाळी दहा वाजताही बाजारपेठेतील दुकानांतून दिवे लागलेले असतात, धुके थेट उंबऱ्यापर्यंत येते आणि धुतलेले कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. खाली दुकान आणि वर घर अशी येथील व्यापारी कुटुंबांची जुनी रचना. दर्शनी रुंदी थोडी, खोली मात्र बरीच. उजेड येतो तो रस्त्याकडच्या गॅलरीतून आणि मागच्या न्हाणीच्या खिडकीतून. मधल्या दोन खोल्यांना तो ऐन उन्हाळ्यातही जेमतेमच मिळतो. तळेगाव, वडगाव, कामशेत येथे पाऊस बराच कमी, पण तेथील नव्या सदनिकांत एका इमारतीची सावली दुसऱ्या इमारतीवर पडते, म्हणून अंधाराची तक्रार तेथेही आहेच.

अशा घरांत अलीकडे कुंडीतली झाडे फार आली. दिवाळीला रोपवाटिकेतून हौसेने आणलेली रोपे संक्रांतीपर्यंत तजेलदार राहतात, होळीला खालची पाने पिवळी पडू लागतात आणि श्रावणात कुंडी रिकामी होते. पुढच्या दिवाळीला त्याच कुंडीत नवे रोप येते. हिशेबाच्या वहीत ही रक्कम किरकोळ खर्चात बसून जाते, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. जैन कुटुंबाला मात्र ती तेवढ्यावर सोडता येत नाही. वनस्पतिकाय हा एकेंद्रिय जीव आहे हे ज्या घरातील मुलांना पाठशाळेत शिकवले जाते, आणि ज्या परंपरेच्या आचारांग सूत्रात, त्याच्या पहिल्याच अध्ययनात, मनुष्य आणि वनस्पती यांच्या जन्मवाढीची व कोमेजण्याची जोडीने तुलना आली आहे, त्या घरात दरवर्षी चार-सहा रोपे अज्ञानाने मरू देणे हा केवळ बागकामातील कच्चेपणा ठरत नाही. त्यातच ओल्या मातीवर शेवाळ व बुरशी धरते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया जिला ‘लील-फूग’ म्हणतात आणि जिची गणना अनंतकायात होते तीच ही. मग चिलटे उठतात, मग कोणीतरी फवारणीची बाटली आणतो. एका रोपाच्या हौसेपायी किती जीवांची विराधना झाली याचा हिशेब मांडला, तर हौस महाग पडते.

या साऱ्याचे मूळ उजेडाविषयीच्या आपल्या चुकीच्या अंदाजात आहे.

माणसाचा डोळा फार लवचिक आहे. भर उन्हातून खोलीत आल्यावर क्षणभर अंधारी येते, मग बाहुली मोठी होते आणि सारे स्वच्छ दिसू लागते. त्यामुळे खोलीत बाहेरच्या निम्मा तरी उजेड असावा असे वाटते. प्रत्यक्षात निरभ्र आकाशाखाली दुपारी सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, ढगाळ दिवशी तो दहा-वीस हजारांवर येतो आणि घाटमाथ्यावरील दाट पावसाळी ढगांत त्याहूनही बराच खाली उतरतो. खिडकीपासून सात-आठ फूट आत गेल्यावर हाच आकडा शंभर-दोनशे लक्सवर येतो. निम्मा कुठला, हजारातला एखाददुसरा हिस्सा! डोळा ही तूट भरून काढतो. पानाला ती सोय नाही. मावळातल्या कोणत्याही लेण्याच्या तोंडाशी उभे राहिल्यास हे सहज समजते. कार्ले, भाजे येथे किंवा कामशेतजवळच्या पाले येथील त्या लहानशा लेण्यात, जेथील अर्हंतांना नमस्कार करून सुरू होणारा ब्राह्मी शिलालेख डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शोभना गोखले यांनी अभ्यासकांपुढे आणला, पावसाळ्यात दाराच्या चौकटीशी नेचे आणि शेवाळ दिसते. चार पावले आत गेले की दगड कोरडा आणि हिरव्याचा मागमूस नाही. ओल तेथेही असते. कमी पडतो तो उजेड.

आपल्या घरात उजेड किती, हे मोजण्यास उपकरण लागत नाही. दुपारी बारा-एकच्या सुमारास जेथे कुंडी ठेवायची तेथे पांढरा कागद ठेवावा आणि त्यावर फूटभर अंतरावर हात धरावा. बोटे वेगवेगळी मोजता येतील अशी रेखीव सावली पडली, तर उजेड भरपूर. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट, तर मध्यम. कागदावर केवळ किंचित काळपटपणा आला, तर अल्प. आणि सावलीच पडली नाही, तर तेथे देव्हाऱ्यातील चांदीचे कमळ ठेवावे, जिवंत रोप नको. मोबाइलवर लक्स मोजणारी ॲप मिळतात, त्यांचे आकडे काटेकोर नसले तरी एका कोपऱ्याची दुसऱ्याशी तुलना करण्यास पुरतात. ही पाहणी मात्र दोनदा करावी, एकदा चैत्रात आणि एकदा आषाढात. चैत्रातील उत्तरावर विसंबून आषाढ काढणारे फसतात.

रोपाचे अर्थकारण व्यापाऱ्याला समजण्यास अवघड नाही. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने साखर तयार होते, ती जमा. रात्रंदिवस श्वसनात ती खर्च होते, ती नावे. जेथे जमा आणि नावे समान होतात, त्या प्रकाशाच्या पातळीवर रोप ना वाढते ना घटते. त्याच्या खाली गेले की ते मुळांत, खोडात, जुन्या पानांत साठवलेल्या भांडवलावर जगू लागते. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाजवळ हे भांडवल बरेच असते. म्हणूनच ते अंधाऱ्या खोलीतही चार-पाच महिने टवटवीत दिसते आणि घरच्यांना वाटते की जागा मानवली. ताळेबंद तोट्यात असताना दुकानाची पाटी झगझगीत असावी, तसाच हा प्रकार. पुढे नवी पाने लहान येतात, दोन पानांमधले दांडे लांबतात, रोप खिडकीकडे मान वाकवते, चट्ट्यापट्ट्यांची पाने साधी हिरवी होऊ लागतात. ही भांडवल संपत आल्याची चिन्हे आहेत. नेमकी याच वेळी घरातील मंडळी त्याला पाणी वाढवतात आणि खत घालतात. उजेड नसताना मुळे पाणी ओढत नाहीत. माती भिजलेली राहते, तिच्यातील हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरून कुजतात. घरातील बहुसंख्य रोपे पाण्याअभावी मरत नाहीत, पाण्यानेच मरतात. मुळे कुजलेले रोपही तहानलेल्या रोपासारखेच माना टाकते, हा त्यातला मोठा धोका. तेव्हा पुन्हा पाणी घातले जाते.

अल्प उजेडात तगणारी रोपे कोणती, याचे उत्तर त्यांच्या मूळ घरात सापडते. उष्ण कटिबंधातील घनदाट अरण्यात शेंड्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम एक-दोन टक्के जमिनीवर पोहोचतो. तेथे वाढणाऱ्या झाडांनी पिढ्यान्‌पिढ्या काटकसर अंगी बाणवली आहे. गंमत अशी की घरात चालणाऱ्या रोपांपैकी निम्मीशिम्मी एकाच कुळातील आहेत आणि ते कुळ मावळाला परके नाही. ते अळूचे कुळ. लोणावळ्याच्या रानात पहिल्या पावसानंतर नागफणा काढून उभा राहणारा सापकांदा त्याच कुळातला, आणि मनीप्लांट, ॲग्लोनेमा, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, झेडझेड प्लांट हे सारे त्याचे परदेशी भाऊबंद. मनीप्लांट पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटाकडचा. त्याच्यात जिबरेलिन या संप्रेरकाची उणीव असल्याने तो आपणहून फुलत नाही, सारा संसार फांदीवर चालवतो. धनाशी त्याचा संबंध इतकाच की नावामुळे त्याचा खप होतो. झेडझेड प्लांट पूर्व आफ्रिकेतील, कोरड्या काळासाठी कंदात पाणी साठवणारा. मधल्या खोलीसाठी याच्याइतके सोशिक रोप दुसरे नाही. पावसाळ्यात त्याला तीन आठवड्यांतून एकदा पाणी दिले तरी पुरते. नाहीच दिले तरी तक्रार करत नाही.

स्नेक प्लांटची कीर्ती त्याच्या कर्तबगारीपेक्षा मोठी आहे. ते अंधारात मरत नाही हे खरे, पण वाढतही नाही. पश्चिम आफ्रिकेतील उन्हाची ही वनस्पती अंधार केवळ सोसते. ते रात्री प्राणवायू देते म्हणून शयनगृहात ठेवावे, असे विक्रेते सांगतात. त्याची पर्णरंध्रे रात्री उघडतात आणि ते रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेते, एवढे बरोबर. प्राणवायू निर्माण होण्यास मात्र प्रकाशच लागतो, तो दिवसाच होतो. घरातील हवा झाडांनी शुद्ध होते, या समजाचाही एकदा निकाल लावलेला बरा. अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी बी. सी. वॉल्व्हर्टन यांनी १९८९ मध्ये केलेले प्रयोग लहान बंद पेट्यांतील होते. पुढे २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. उघड्या खिडक्यांच्या साध्या वायुविजनाची बरोबरी करायची, तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. शंभर चौरस फुटांच्या खोलीत किमान नव्वद कुंड्या! त्यापेक्षा खिडकी उघडणे सोपे. झाड ठेवावे ते डोळ्यांना व मनाला बरे वाटते म्हणून.

अळूच्या कुळाविषयी एक सावधगिरी सांगणे अगत्याचे. यातील बहुतेकांच्या पानादांड्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळूची पाने नीट न शिजल्यास घसा खाजतो तो यामुळेच. रांगत्या मुलाने पान चावले, तर तोंड व जीभ सुजते. घरात लहान मूल असेल, तर या कुंड्या त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर हव्यात. अशा घरात तुलनेने निर्धोक म्हणून स्पायडर प्लांट बरे, मात्र त्याला खिडकीलगतची जागा लागते.

काही झाडांचा मोह आवरावा लागतो. तुळस ही उन्हाची. तिला रोज काही तासांचे ऊन नसेल, तर ती घरात ठेवणे म्हणजे तिला हळूहळू उपाशी मारणे. गुलाबाचेही तसेच. पवन मावळातील हरितगृहांतून व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जाणारा गुलाब पाहून अनेकांना तो आपल्या गॅलरीत फुलावा असे वाटते. परंतु ते हरितगृह म्हणजे उजेडाचेच कोठार असते. पारदर्शक छत, मोजून दिलेले पाणी, खेळती हवा, आणि या साऱ्याचे शास्त्र शेतकऱ्यांना शिकवणारी राज्य कृषी पणन मंडळाची राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था तळेगाव दाभाडे येथेच आहे. एवढी यंत्रणा ज्या फुलामागे उभी राहते, ते बाजारपेठेतील दुसऱ्या मजल्यावर पावसाळ्यात काय करणार? नाजूक पानांचा हंसराज लोणावळ्याच्या दमट हवेत मात्र छान येतो, फक्त तो रानातून उपटून आणू नये, रोपवाटिकेत मिळतो.

उजेडाच्या टंचाईवर माणसाने पूर्वीही युक्त्या लढवल्या आहेत. लंडनच्या पूर्व भागात राहणारे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांचे नेचे कारखान्यांच्या धुराने मरत होते. १८२९ मध्ये एका पतंगाचा कोष त्यांनी बंद बाटलीत ओल्या मातीवर ठेवला असता त्या मातीत नेचा आपोआप रुजून आला. त्यातून काचेच्या बंद पेटीची कल्पना निघाली, १८४२ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, आणि पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात आणली ती अशाच पेट्यांतून. हल्ली भेट म्हणून दिली जाणारी काचेच्या बरणीतली बाग ही त्याच पेटीची नात. लंडनच्या कोरड्या, शेगडीने तापलेल्या खोल्यांत तिचा उपयोग होता. आषाढातील लोणावळ्यात, जेथे कपाटातील चामड्याच्या पट्ट्यावरही बुरशी धरते, तेथे बंद बरणी म्हणजे लील-फुगीची पैदास. ही भेट आल्यास झाकण काढून ठेवणे उत्तम.

मावळातील घरांत खरा फरक पडतो तो काही साध्या गोष्टींनी. पहिली, ताडपत्री. आडव्या पावसाचा मारा अडवण्यासाठी मे महिन्याच्या शेवटी गॅलरीला निळी किंवा काळी ताडपत्री बांधतात आणि ती दसऱ्यापर्यंत उतरत नाही. घरातील उजेडाचा मुख्य दरवाजाच अशा रीतीने चार महिने बंद होतो. त्याऐवजी पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रे बसवल्यास पाऊस अडतो आणि उजेड येतो. खर्च एकदाच होतो, शिवाय दिवसा दिवे कमी लागतात. खिडकीच्या काचांवर पावसाळ्यात हिरवट थर चढतो, तो पुसला तरी उजेड वाढलेला जाणवतो. मधल्या खोलीच्या भिंती पांढऱ्या असल्यास आलेला उजेड खेळतो. गडद रंगाची भिंत तो गिळते. पानांवरची धूळ ओल्या मऊ फडक्याने पुसणे हेही उजेड वाढवण्यासारखेच, आणि पुसताना पानाच्या पाठीमागे एखादा जीव असल्यास तोही दिसतो.

दुसरी, माती. रोपवाटिकेतील लाल माती एकटी वापरली की पावसाळ्यात तिचा गच्च गोळा होतो. तिच्यात हवा खेळावी म्हणून मावळासारखी सोय कुठे नाही. इंद्रायणी तांदळाचा हा प्रदेश. ते वाण १९८७ मध्ये वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रातूनच प्रसारित झाले. येथील गिरण्यांवर भाताचे तूस मुबलक मिळते. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि अर्धवट जाळलेले तूस समभागाने घेतले की मिश्रण हलके होते व पाणी झरझर निघून जाते. कुंडी रोपाहून फार मोठी घेऊ नये. मुळांच्या गोळ्याभोवती बोटभर जागा पुरे. जादा मातीत जादा पाणी साचते. तळाला भोक नसलेली चिनी मातीची सुंदर कुंडी ही रोपाची शत्रूच. ती हवीच असेल, तर भोकाची साधी कुंडी तिच्या आत ठेवावी आणि साचलेले पाणी काढीत जावे.

खताविषयी जैन घरांनी विक्रेत्याला स्पष्ट विचारले पाहिजे. रोपवाटिकांच्या तयार मिश्रणात हाडांचा चुरा सर्रास असतो. काही द्रवखते मासळीपासून बनतात. पिशवीवर ‘सेंद्रिय’ लिहिलेले असले म्हणजे ते आपल्या घरात चालेल असे नाही. गांडूळखतात जिवंत गांडुळे व अंडी राहतात, त्यामुळे ते घरातील कुंडीत टाळलेले बरे. शेणखत आणि निंबोळी पेंड पुरेसे, तेही फाल्गुन ते ज्येष्ठ या काळातच. पावसाळ्यात पेंड घातली की तिच्यावर पांढरी बुरशी येणारच. अल्प उजेडातील रोपाला खत लागतेच किती? ज्याची कमाई थोडी, त्याचा आहारही थोडा.

येथे चातुर्मासाचा विचार करावा लागतो. आषाढी चौमासीपासून कार्तिकी चौमासीपर्यंत हिरव्याची छाटणी, उपटणे, माती खणणे टाळण्याची आपली रीत आहे. बागकामाची पुस्तके पावसाळ्यात लागवड करा असे सांगतात, म्हणून तरुण पिढीला ही रीत बागेशी विसंगत वाटते. मोकळ्या शेतासाठी पुस्तके बरोबर आहेत. घाटमाथ्यावरील घराच्या आत मात्र हेच चार महिने उजेडाच्या दुष्काळाचे असतात. त्या काळात कुंडी बदलली, मुळे दुखावली, फांदी कापली, तर जखम भरून काढण्यास रोपाजवळ साखर नसते. कुंडी बदलणे, फांद्या लावणे ही कामे वैशाखापर्यंत उरकली की मृगाआधी मुळे धरतात आणि चातुर्मासात रोपाला हात लावण्याचे कारण उरत नाही. पिवळे झालेले पानही ओढून तोडण्याची गरज नसते. बोट लावताच जे सुटून येते तेवढेच घ्यावे. मंदिराच्या भिंतीवरील षट्लेश्येच्या चित्रातला जांभळाच्या झाडाखाली पडलेली फळे वेचणारा सहावा माणूस आपल्या ओळखीचा आहेच.

पाण्यासाठी वार ठरवू नये. ‘दर सोमवारी व गुरुवारी’ हा नियम मे महिन्यात रोपाला तहानलेले ठेवतो आणि जुलैत बुडवतो. बोट दोन पेरे मातीत घालून ओल लागली, तर पाणी नको. कुंडी उचलून पाहण्याची सवय झाली की वजनावरूनच कळते. पाणी गाळलेले असावे, आणि ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो व आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उडू लागते. बाटलीत पाण्यावर वाढवलेला मनीप्लांट अनेक घरांत फ्रिजवर असतो. त्या बाटलीचे पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलावे आणि तोंडाशी कापसाचा बोळा बसवावा. अंडी घालण्याची संधीच मिळाली नाही, म्हणजे पुढे अळ्यांचे काय करायचे हा धर्मसंकटाचा प्रश्नच उभा राहत नाही.

मातीवर उडणाऱ्या बारीक चिलटांचेही असेच आहे. त्यांची वाढ मातीच्या वरच्या ओल्या थरात होते. बाजारात त्यासाठी पिवळे चिकट कागद मिळतात. जीव त्यांना चिकटून तडफडतात, ते आपल्या घरात नसावेत. कुंडीवर इंचभर कोरड्या वाळूचा थर पसरावा आणि पाणी खालच्या ताटलीतून वर ओढू द्यावे. वरचा थर कोरडा राहिला की शेवाळ धरत नाही, चिलटे येत नाहीत. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर कुंडी बाजूला न्यावी आणि मऊ पुंजणीने तो हळुवार उतरवून बाहेरच्या झाडाच्या पानावर सोडावा. हे काम वेळखाऊ आहे, आणि पाच कुंड्यांचे होते, पंचवीस कुंड्यांचे होत नाही. परिग्रहाची मर्यादा कपड्यांना व दागिन्यांना आपण घालतो. कुंड्यांनाही ती घालावी लागेल. जितक्यांची दररोज उचलून, पाहून काळजी घेता येते, तितक्याच घरात याव्यात.

कृत्रिम उजेडाचा पर्याय अलीकडे स्वस्त झाला आहे. बारा वॅटचा साधा पांढरा एलईडी दिवा रोपापासून फूटभर अंतरावर रोज दहा तास लावला, तर दिवसाला ०.१२ युनिट वीज जळते. चातुर्मासाच्या १२० दिवसांचे १४.४ युनिट. दहा रुपये दर धरला तरी १४४ रुपये, म्हणजे एका मेलेल्या रोपाच्या किमतीच्या आसपास. अंतर दुप्पट केल्यास प्रकाश सुमारे चौथाई होतो, त्यामुळे छतावरचा दिवा यासाठी पुरत नाही. वीज ही तेउकायात येते की नाही याविषयी संप्रदायांत मतभेद आहेत. ज्यांच्या घरात तो विवेक पाळला जातो त्यांनी हा मार्ग सोडून गॅलरीची पाळी बसवावी. ज्यांना दिवा चालतो त्यांनीही तो दिवसा लावावा. पावसाळ्यात सूर्यास्तानंतर दिव्यावर पतंग-पाकोळ्यांची झुंबड उडते, आणि रोपालाही रात्रीचा अंधार मानवतो. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंतचा वेळ सर्वांत योग्य. व्यापारी कुटुंबाला आणखी एक सोय आहे, जिकडे क्वचित कोणाचे लक्ष जाते. दुकानातील दिवे तसेही दहा-बारा तास चालू असतात. गल्ल्यामागच्या फळीवर, दिव्याच्या जवळ ठेवलेले ॲग्लोनेमा किंवा झेडझेड प्लांट वरच्या मजल्यावरील मधल्या खोलीपेक्षा अधिक सुखात राहते, तेही एका पैशाचे बिल न वाढवता.

पाळीची पद्धत अशी. घरात तीन जागा असतील, तर सहा रोपे ठेवावीत. तीन आत, तीन गॅलरीत पत्र्याच्या आडोशाला. दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. पाक्षिक प्रतिक्रमणाच्या दिवसाशी हे काम जोडले की विसर पडत नाही. आतली रोपे पंधरा दिवस शिलकीवर काढतात, बाहेर आल्यावर ती भरून घेतात. कुंडी हलवण्याआधी तिच्या बुडाशी पुंजणी फिरवावी, कारण पावसाळ्यात तेथे गोगलगाय, वाणी, मुंग्या आसरा घेतात. आतून आलेले रोप एकदम उन्हात मात्र कधी ठेवू नये. अंधाराला सरावलेले पान दोन तासांच्या उन्हाने करपते आणि ते पुन्हा हिरवे होत नाही.

कार्तिकी पौर्णिमेला साधुसाध्वींचा विहार सुरू होतो, त्याच सुमारास मावळातील आकाशही मोकळे होते. तेव्हा ताडपत्र्या उतरतात, काचा धुतल्या जातात. पहिल्या आठवड्यात रोपे दारापर्यंत, दुसऱ्यात गॅलरीच्या आतल्या कडेला आणि तिसऱ्यात सकाळच्या कोवळ्या उन्हापर्यंत न्यावीत. मार्गशीर्षातील कोरड्या थंडीत माती भरभर वाळू लागते. बोटाने पाहण्याची सवय तेव्हा पुन्हा नव्याने लावावी लागते.